उरलेल्या ४८ हजार प्रती कोणाच्या?

एका व्हिडिओ गेमचा प्रकाशक आणि तो गेम विकणारी दुकानांची एक मोठी साखळी यांच्यात घडलेलं हे प्रकरण आहे. मी त्या वेळी प्रकाशकाकडे विक्रीचं नियोजन पाहत होतो, म्हणजे यातल्या चुकांमध्ये माझाही वाटा आहे. दोन्ही पक्षांची नावं, गेमचं नाव आणि साल काढून टाकलं आहे. आकडेही जसेच्या तसे नाहीत. गेमची किंमत १०० धरली आहे आणि बाकी सगळे आकडे त्या हिशेबानं बसवले आहेत, पण कोणाच्या पदरात किती पडलं याचं प्रमाण ढोबळमानानं तेच ठेवलं आहे.

पार्श्वभूमी

आधी पैसा कसा फिरतो ते पाहू. १०० ला विकला जाणारा गेम दुकान आमच्याकडून ८० ला घेतं. त्या ८० मधले साधारण ३० आमचे दर प्रतीमागे खर्च होतात: डिस्क, डबी, वाहतूक आणि कन्सोल, म्हणजे गेम खेळायचं यंत्र, बनवणाऱ्या कंपनीला द्यायची रॉयल्टी. ही रॉयल्टी प्रत खपल्यावर नाही, छापल्यावर द्यावी लागते. डिस्क छापायला टाकली की पैसे गेले, मग ती प्रत कोणी विकत घेवो न घेवो. गेम तयार करायला लागलेले पैसे तर त्याच्या कितीतरी आधी खर्च होऊन बसलेले असतात. दुकान बिल भरतं ६० दिवसांनी.

या धंद्यात दोन आकडे कधीही एकमेकांत मिसळू द्यायचे नसतात: दुकानात भरलेला माल आणि गिऱ्हाइकानं विकत नेलेला माल, म्हणजेच सेल-इन आणि सेल-थ्रू. प्रकाशकाच्या वहीत पहिला आकडा विक्री म्हणून चढतो. खरं काय झालं ते दुसरा आकडा सांगतो. या दोन आकड्यांमधल्या फरकाला ‘जोखीम’ म्हणायचं, आणि ती कोणाच्या अंगावर पडणार याचं भांडण या व्यवसायाइतकंच जुनं आहे.

ते किती जुनं आहे हे सांगितल्याशिवाय पुढचं नीट समजणार नाही. ऑक्टोबर १९८१ मध्ये अटारी या अमेरिकी गेम कंपनीनं वितरकांना १९८२ या अख्ख्या वर्षाच्या ऑर्डरी आधीच द्यायला सांगितल्या. त्याआधी मागितला तेवढा माल कधी मिळत नसे, म्हणून वितरकांनी हव्या त्यापेक्षा फुगवून आकडे दिले. अटारीनं ते आकडे खरे मानले. पॅक-मॅन या गेमची सुमारे १ कोटी २० लाख कार्ट्रिज (डिस्क येण्याआधी गेम ज्या डबीत यायचा ती) तयार झाली आणि त्यातली लाखो पडून राहिली. वर्षाच्या शेवटी ऑर्डरी रद्द व्हायला लागल्या. त्याच सुमारास बाजारात शिरलेले छोटे प्रकाशक बुडाले. दुकानदारांनी माल परत करायचा म्हटलं तर परत घ्यायला कंपनीच उरली नव्हती. मग तोच माल मिळेल त्या भावात विकायला निघाला आणि चांगल्या गेमचे भावही त्याच्याबरोबर कोसळले. सप्टेंबर १९८३ मध्ये अटारीनं न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोजवळच्या कचरा डेपोत कार्ट्रिज गाडली. २०१४ मध्ये तो खड्डा उकरला तेव्हा ती खरोखरच निघाली.

माल गाडला त्यानंतर दोन वर्षांनी, १९८५ मध्ये, निंटेंडो ही जपानी कंपनी आपला कन्सोल घेऊन न्यूयॉर्कमध्ये उतरली, तेव्हा दुकानदार व्हिडिओ गेम हा शब्दही ऐकून घ्यायला तयार नव्हते. निंटेंडोनं त्यांना सांगितलं: पैसे ९० दिवसांनी द्या, आणि जे विकलं जाणार नाही ते आम्ही परत नेऊ. आपल्याकडच्या व्यापाऱ्यांच्या जुन्या भाषेत याला जांगड म्हणतात. खपलं तर तुमचं, उरलं तर आमचं. कन्सोल चालला. मग बाजू पालटली. निंटेंडोसाठी गेम बनवणाऱ्या बाहेरच्या कंपन्यांना कार्ट्रिज निंटेंडोकडूनच बनवून घ्यावी लागत, ठरावीक संख्येच्या वर घ्यावी लागत आणि पैसे आगाऊ मोजावे लागत. काही वर्षांत जोखीम टेबलाच्या एका बाजूनं उचलली आणि दुसऱ्या बाजूला ठेवली गेली. ज्याची नड मोठी, त्याच्याच गळ्यात ती पडते. आमच्या प्रकरणातही नेमकं तेच झालं, फक्त त्या दिवशी नड कोणाची होती हे आम्ही कबूल केलं नाही.

ऑर्डर ठरली तो दिवस

गेम एका यशस्वी गेमचा दुसरा भाग होता. बाजारात यायला आठ आठवडे उरले असताना साखळीच्या दुकानांत १८ हजार गिऱ्हाइकांनी आगाऊ नोंदणी केली होती. पहिल्या भागाच्या वेळी याच टप्प्यावर २१ हजार नोंदण्या होत्या आणि तो पहिल्या सहा आठवड्यांत ५८ हजार खपला होता. साधं त्रैराशिक मांडलं तरी उत्तर ५० हजारांच्या आसपास येतं. साखळीच्या खरेदी प्रमुख बाईंनी ६० हजारांचा आकडा ठरवून आणला होता. थोडा हात सैल सोडून, पण समजूतदारपणे.

आमच्या विक्री प्रमुखांना १ लाख हवे होते. त्यांच्याकडे दोन कारणं होती आणि बैठकीत त्यांनी एकच सांगितलं. सांगितलेलं कारण असं की भरलेली मांडणी स्वतःच गेम विकते. दोन ओळी समोरासमोर लागल्या तर येणारा माणूस थांबतो. हे काही खोटं नाही. न सांगितलेलं कारण असं की गेम बाजारात येणार होता तिमाही संपायच्या ९ दिवस आधी, आणि दुकानात भरलेला माल त्याच तिमाहीची विक्री म्हणून दिसणार होता.

बाईंनी विचारलं, “आणि उरला तर?”

“उरला तर तुम्हाला अडकू देणार नाही. आजवर कधी दिलंय का?”

“हे लेखी द्याल?”

“आपल्यात लेखी कशाला? इतक्या वर्षांचा संबंध आहे.”

बाईंनी डायरीत काहीतरी लिहिलं आणि डायरी मिटली. दुसऱ्या दिवशी १ लाखाची ऑर्डर आली. तिच्यावर संख्या होती, दर होता, तारीख होती. उरलेल्या मालाबद्दल एक अक्षर नव्हतं.

माझ्या वहीत नोंदण्यांच्या तुलनेचा तक्ता घडी घालून ठेवलेला होता. बैठकभर मी तो बाहेर काढला नाही. साहेबांना सगळ्यांसमोर अडवायचं कसं, ही भीड. या प्रकरणात निर्णयाचे तीन क्षण आले, त्यातला पहिला हा, आणि तो माझ्या हातून गेला.

लेखी का दिलं नाही, हेही इथेच सांगायला हवं, कारण कारण हिशेबाचं होतं. माल परत घेण्याचं किंवा भाव उतरल्यावर फरक देण्याचं वचन दिलं, की जेवढा भाग उलटण्याची शक्यता आहे तेवढा विक्रीत धरता येत नाही, त्याची तरतूद बाजूला काढावी लागते. २०१८ पासून लागू असलेलं आयएफआरएस १५ हे आंतरराष्ट्रीय हिशेब मानक तर तोंडी करार आणि चालत आलेली पद्धतही मोजायला सांगतं. म्हणजे वचन दिलं होतं, फक्त ते लेखा विभागाच्या कानावर घातलं नव्हतं. ताकाला जाऊन भांडं लपवायचा हा प्रकार होता, आणि भांडं पुढे आमच्याच घरात फुटलं.

अडचण

पहिल्या आठवड्यात ३१ हजार प्रती गेल्या. दुसऱ्यात ९ हजार, तिसऱ्यात ४, मग ३, पुन्हा ३ आणि सहाव्यात २. एकूण ५२ हजार. गेम पडला असं कोणी म्हणू शकत नव्हतं. त्रैराशिकानं सांगितलं त्यापेक्षा थोडा जास्तच चालला. तरीही दुकानांत ४८ हजार प्रती उरल्या.

चौथ्या आठवड्यात मी साखळीच्या एका दुकानात जाऊन उभा राहिलो. आमच्या नव्या प्रती दोन ओळींत लागलेल्या होत्या, ठरल्याप्रमाणे. त्यांच्या शेजारच्या फळीवर तोच गेम, वापरलेला, ८५ चा स्टिकर लावून. एक मुलगा नवी डबी घेऊन काउंटरला आला. काउंटरवरच्या पोरानं बारकोडवर यंत्र धरायच्या आधी सांगितलं, “हाच गेम वापरलेला आहे, १५ कमी पडतील.” मुलानं नवी डबी तिथेच ठेवली. ती अर्ध्या तासात दोनदा परत फळीवर गेलेली मी पाहिली.

त्या काउंटरवरच्या पोराचं काही चुकत नव्हतं. गेम संपवलेल्या गिऱ्हाइकाकडून दुकान तो ४५ ला परत घेत होतं आणि ८५ ला विकत होतं. एका जुन्या प्रतीवर ४० सुटत होते, नव्यावर २०. नव्या प्रती उरल्या तर प्रकाशक बघून घेणार आहे, असं वरून कळलेलं होतं. मग त्यानं नवी प्रत का पुढे करावी? तिथे उभं राहून मला पहिल्यांदा नीट समजलं की आम्ही दिलेल्या तोंडी अभयानं आमच्याच मालाचा खप कमी केला होता. पूर्ण अभय मिळालेल्या दुकानाला उरलेल्या मालाची चिंता उरत नाही, आणि ज्याची चिंता नाही तो माल मागच्या ओळीत जातो.

बिल भरायला १८ दिवस उरले असताना साखळीचं पत्र आलं. ४८ हजार प्रती, दर ८०, एकूण ३८.४ लाख. एवढी रक्कम बिलातून वजा करून उरलेले भरू, माल उचलून न्या. आमच्या लेखा विभागानं विचारलं, असं वचन कुठे आहे? विक्री प्रमुख गप्प बसले. संपूर्ण बिल ८० लाखांचं होतं, आणि ते आम्ही मागच्या तिमाहीत विक्री म्हणून दाखवून मोकळे झालो होतो.

समोरचे पर्याय

हात वर करणं हा पहिला पर्याय होता. कागदावर काहीच नव्हतं, कायद्यानं कदाचित आम्ही जिंकलोही असतो. पण साखळीकडे आमचे आणखी पाच गेम फळीवर होते आणि त्यांची बिलंही थकलेली होती. पैसे त्यांच्या हातात असताना न्याय आपल्या बाजूनं असण्याला फारसा अर्थ राहत नाही. शिवाय वचन दिलेलं होतं, आणि मी ते ऐकलं होतं.

दुसरा पर्याय सगळा माल परत घेण्याचा. ३८.४ लाखांचं क्रेडिट द्यायचं, वाहतूक सोसायची आणि ४८ हजार डबे भंगाराच्या भावात विकणारा शोधायचा. अशा व्यापाऱ्याकडून प्रतीमागे २० मिळाले असते. या पर्यायाची सगळ्यांना धास्ती होती, कारण टीएचक्यू या अमेरिकी गेम प्रकाशकाचं उदाहरण सर्वांच्या डोक्यात होतं. २०११ च्या अखेरीस त्यांनी यूड्रॉ हे चित्र काढायचं उपकरण प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० या कन्सोलसाठी भरमसाट बनवलं, १४ लाखांहून जास्त नग पडून राहिले, आणि डिसेंबर २०१२ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. तिथे इतरही कारणं होती, पण घाव मोठा होता.

तिसरा, या धंद्यातला रुळलेला मार्ग: प्राइस प्रोटेक्शन. सुचवलेली किंमत १०० वरून ६० करायची, घाऊक दर ८० वरून ४८ वर येतो, आणि दुकानात पडलेल्या प्रत्येक प्रतीमागे ३२ चा फरक द्यायचा. ४८ हजारांवर १५.३६ लाख. माल हलवावा लागत नाही, दुकान तोट्यात जात नाही. लेखा विभागाला हाच सगळ्यात बरा वाटला. मला यात एक खोट दिसत होती. फरक पडलेल्या मालावर मिळतो, खपलेल्या मालावर नाही. फरक एकदा हातात पडला की दुकान पुन्हा तसंच निश्चिंत, आणि जुनी प्रत पुन्हा पुढे.

पुढच्या गेमच्या ऑर्डरीत हा माल वळवून घ्यायचा, अशीही एक सूचना आली. ती लवकरच मागे पडली. आजचं ओझं उद्यावर ढकलण्यापलीकडे तिच्यात काही नव्हतं.

याच दिवसांत मी एक हिशेब मांडला, आणि तो खरं तर ऑर्डर घेण्याआधी मांडायला हवा होता. एक प्रत जास्त छापली आणि उरली, तर दोघांचं मिळून नुकसान किती? छापायला ३० गेले, भंगारात २० आले. नुकसान १० चं. एक प्रत कमी पडली आणि गिऱ्हाईक परत गेलं, तर? १०० आले असते, ३० वाचले. नुकसान ७० चं. म्हणजे दोघांना एक घर मानलं तर ८ पैकी ७ वेळा थोडा माल उरावा इतकी सैल ऑर्डर हीच शहाणी ऑर्डर. पण दुकान एकटं विचार करतं तेव्हा चित्र उलटं दिसतं. प्रत खपली तर २० सुटतात, उरली तर ८० चे २० होऊन ६० जातात. त्याच्या दृष्टीनं ४ पैकी ३ वेळा माल संपून जावा इतकीच हात आखडून दिलेली ऑर्डर बरोबर ठरते. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि तरी घराचं नुकसान.

फट बुजवायची तर उरलेल्या प्रतीसाठी प्रकाशकानं दुकानाला किती द्यावं? गणित उत्तर देतं: ७७ च्या आसपास. ८० दिले तर दुकान कितीही माल मागेल, कारण त्याचं काहीच जात नाही. ५० दिले तर ते पुन्हा आखडतं. प्रतीमागे ३ एवढीच टोचणी दुकानाकडे उरायला हवी. हा आकडा मी तीनदा तपासला, कारण आमच्या विक्री प्रमुखांचं म्हणणं यातून निम्मं खरं ठरत होतं. माल जास्त भरायला हवा, हे त्यांचं बरोबर होतं. त्याची किंमत आपण लिहून द्यायला हवी, हे ते टाळत होते. आणि १ लाख हा आकडा तर कुठल्याच गणितात बसत नव्हता. तो तिमाहीतून आला होता.

काय केलं

बाईंबरोबर दुसरी बैठक झाली तेव्हा मी घडी घातलेला तक्ता टेबलावर ठेवला. त्यांनी तो पाहिला आणि विचारलं, “हा त्या दिवशी तुमच्याकडे होता?” मी हो म्हणालो. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यानंतरचं बोलणं सरळ झालं.

ठरलं ते असं. सुचवलेली किंमत ६० होणार. फरक पडून असलेल्या प्रतींवर नाही, तर किंमत उतरल्यानंतर काउंटरवर बिल झालेल्या प्रत्येक नव्या प्रतीवर मिळणार, आणि तो ३२ ऐवजी २६. मुदत १४ आठवडे. दर सोमवारी साखळी दुकानवार खपाचा तक्ता पाठवणार, त्यावरूनच क्रेडिट नोट, म्हणजे बिलातून तेवढी रक्कम वजा करण्याची चिठ्ठी, निघणार. १४ आठवड्यांनंतर १० हजारांपर्यंत प्रती ४८ च्या दरानं परत घेऊ, वाहतूक साखळीची. समोरच्या मांडणीसाठी जाहिरात निधीतून १.५ लाख आम्ही खर्च करू.

वापरलेल्या प्रतीचा भाव काय ठेवायचा, हे आम्ही सांगितलं नाही. तो दुकानाचा हक्क आहे, आणि विक्रेत्याची किंमत बाहेरून बांधून द्यायला गेलं तर बऱ्याच देशांत कायदा आडवा येतो. फक्त क्रेडिट नव्या प्रतीच्या बिलाला जोडलं. २६ चं क्रेडिट धरलं तर नवी प्रत दुकानाला ५४ ला पडत होती, ६० ला विकून ६ सुटत होते. ती उरली तर मात्र मोठं नुकसान होतं. म्हणजे नवी प्रत हलवण्यात दुकानाचा जीव पुन्हा गुंतला.

निर्णयाचा दुसरा क्षण इथे होता, आणि त्याबद्दल मला आजही बरं वाटत नाही. परतीची मर्यादा बाई २० हजार मागत होत्या. सोमवारचे पहिले तीन तक्ते येईपर्यंत थांबून ती ठरवता आली असती. आमच्या लेखा विभागाला आकडा त्याच दिवशी बंद करायचा होता. आम्ही १० वर अडलो, आणि वचन आपण दिलेलं आहे हे माहीत असून अडलो.

निष्पत्ती

१४ आठवड्यांत २९ हजार प्रती खपल्या. १० हजार परत आल्या. ९ हजार साखळीकडेच राहिल्या, त्या तिनं २० ला काढल्या.

आमच्या बाजूचा हिशेब: ८० लाखांच्या बिलातून ७.५४ लाख फरकापोटी गेले, ४.८ लाख परतीपोटी. परत आलेल्या १० हजारांचे भंगारात २ लाख आले. छपाई आणि रॉयल्टीचे ३० लाख, जाहिरातीचे १.५ लाख वजा जाता हातात ३८.१६ लाख. सगळा माल परत घेतला असता तर २१ लाखांच्या आसपास उरले असते. आमच्या कार्यालयात यावर समाधान व्यक्त झालं.

साखळीच्या बाजूचा हिशेब मी नंतर मांडला. पूर्ण किमतीत खपलेल्या ५२ हजारांवर १०.४ लाख मिळाले, उतरलेल्या किमतीतल्या २९ हजारांवर १.७४ लाख. परत केलेल्या प्रतींवर ३.२ लाख गेले, अंगावर पडलेल्या ९ हजारांवर ५.४ लाख. हातात राहिले ३.५४ लाख. वाहतूक वेगळी.

आता हे दोन हिशेब शेजारी ठेवा. एकूण खपल्या ८१ हजार प्रती, वाया गेल्या १९ हजार. प्रतीमागे १० धरले तर दोघांचं मिळून खरं नुकसान १.९ लाख. भांडण सुरू झालं होतं ३८.४ लाखांवर. जोखीम दिसत होती तेवढी मोठी मुळात नव्हतीच. मोठा होता तो प्रश्न, तिचा भार कोणाच्या खिशावर, आणि तो आम्ही अशा रीतीनं सोडवला की वाया गेलेल्या प्रतींचा सगळा भार, आणि वर आणखी काही, साखळीनं उचलला. नेमक्या ८१ हजार प्रती छापल्या असत्या तर साखळीच्या हातात १२.१४ लाख पडले असते. तिचे ८.६ लाख गेले, त्यातले ६.७ लाख आमच्याकडे आले.

ते फार दिवस टिकले नाहीत. आठ महिन्यांनी आमचा पुढचा गेम आला. नोंदण्या चांगल्या होत्या, माझा अंदाज ४५ हजारांचा होता. साखळीनं २२ हजार मागितले, आणि बाईंनी फोनवर स्वच्छ सांगितलं, “या वेळी तुमच्या शब्दावर नाही, माझ्या आकड्यावर.” चौथ्या दिवशी फळ्या रिकाम्या झाल्या. डिस्क नव्यानं छापून दुकानात पोचायला जवळपास तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत नवी प्रत मिळत नसल्यानं वापरलेल्या प्रती पूर्ण किमतीच्या जवळ विकल्या गेल्या, आणि त्यातलं आम्हाला काहीच आलं नाही. उरलेल्या प्रतीचं नुकसान १० आणि हुकलेल्या प्रतीचं ७०, हे गणित मी आधी कागदावर मांडलं होतं. आता ते दर सोमवारच्या तक्त्यात दिसत होतं.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे माल टप्प्याटप्प्यानं पाठवणं. कार्ट्रिजच्या काळात हे अवघड होतं, चिप मिळून माल तयार होईपर्यंत महिने जात. नव्वदच्या दशकात डिस्क आल्यापासून फेरछपाई काही आठवड्यांवर आली आहे. पहिल्या खेपेला ६० हजार पाठवून २० हजारांची छपाई आगाऊ राखून ठेवली असती, तर पहिल्या आठवड्याचे ३१ आणि दुसऱ्याचे ९ पाहून दुसरी खेप किती आणि कोणत्या किमतीची, हे ठरवता आलं असतं. तिमाही त्यामुळे बारीक दिसली असती. ते कोणीतरी वरिष्ठांना तोंडावर सांगायला हवं होतं, आणि ते काम माझं होतं.

दुसरं, परतीचा दर आणि मर्यादा ऑर्डरीवरच लिहिणं. ७७ हा आकडा सगळीकडे लागू पडत नाही. भंगाराचा भाव आणि रॉयल्टी बदलली की तो बदलतो. पण तो शून्य नसावा, पूर्णही नसावा, आणि माल निघायच्या आधी दोघांना माहीत असावा. लेखा विभाग त्याच बैठकीत असता तर तरतूद पहिल्याच दिवशी निघाली असती आणि सहा आठवड्यांनी कोणाला धक्का बसला नसता. तोंडी वचनानं आम्ही एका तिमाहीची शोभा विकत घेतली आणि तिचं बिल पुढच्या गेमनं भरलं.

सोमवारच्या तक्त्याबद्दल माझं मत ठाम आहे: तो पहिल्या दिवसापासून हवा, संकट आल्यावर नाही. खपाचे आकडे दुकानाकडे आणि छपाईचे आकडे प्रकाशकाकडे बंद राहिले, तर प्रत्येक जण दुसऱ्याच्या आकड्यात थोडी फुगवणूक धरून चालतो. १९८१ मध्ये वितरकांनी हेच केलं होतं.

वापरलेल्या प्रतींचा प्रश्न मात्र मला सुटलेला दिसत नाही. दुकानाची बाजूही खरी आहे. जुना गेम विकून आलेले पैसे गिऱ्हाईक बऱ्याचदा नव्या गेमवरच खर्च करतं, म्हणजे तो बाजार आमची विक्री खातो आणि तिला खतही घालतो. काही प्रकाशकांनी वापरलेल्या प्रतीवर ऑनलाइन खेळायला वेगळे पैसे लावून पाहिले. ईए या अमेरिकी प्रकाशकानं २०१० मध्ये ही पद्धत आणली आणि २०१३ मध्ये सोडली. आम्ही त्या वाटेला गेलो नाही, ते बरं झालं.

तिसऱ्या गेमच्या वेळी आम्ही बाईंना लेखी मसुदा पाठवला. परतीचा दर, मर्यादा, खपाचे तक्ते, किंमत उतरवायची सर्वांत लवकरची तारीख. त्यांनी त्यात एकच ओळ वाढवली: तारीख बदलायची तर दोघांच्या सहीनं. ऑर्डर आली ४० हजारांची, राखीव छपाई १५ हजार.

त्याच मसुद्याच्या निमित्तानं एक गोष्ट वर आली, जी पहिल्या वेळी आमच्यापैकी कोणाच्या ध्यानातही नव्हती. साखळीशिवाय हा गेम वितरकामार्फत एकेकट्या छोट्या दुकानांतही गेला होता. ती दुकानं माल रोखीनं घेतात. आम्ही किंमत ६० वर आणली त्या दिवशी त्यांच्या फळीवरही ८० नं घेतलेल्या प्रती होत्या आणि त्यांना फरक म्हणून काहीही मिळालं नव्हतं, कारण त्यांच्याकडे बिलातून कापून घ्यायला बिलच नव्हतं. निर्णयाचा हा तिसरा क्षण होता. तो क्षण आहे हेसुद्धा आम्हाला कळलं नव्हतं. वितरकाच्या करारात आता आम्ही त्यांच्यासाठी कलम घातलं आहे. खरेदीचं बिल आणि उरलेल्या प्रतींचा फोटो पाठवला की तोच फरक, त्याच दरानं. पहिल्या वेळी ११ दुकानांचे दावे आले. एका दुकानदारानं तिन्ही प्रतींच्या मागच्या बाजूचे फोटो पाठवले होते, बारकोड दिसावा म्हणून प्रत्येक डबी हातात धरून.